अर्भकांचे आनुवंशिक नेत्रविकार : उपचाराआधी निदानाचा प्रश्न

तीन-चार महिन्यांचे बालक आईच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, बुबुळे सतत हलतात, मूठ डोळ्यांवर दाबून धरते. डोळे मात्र वरवर निर्दोष दिसतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी १८६९ मध्ये वर्णिलेल्या जन्मजात दृष्टिहीनतेची ही लक्षणे असू शकतात. दृष्टिपटलाच्या कार्यासाठी आवश्यक जनुकांतील दोष हे तिचे कारण. बहुतांश प्रकारांत आई-वडील दोघेही दोषाचे वाहक असतात व प्रत्येक अपत्याला विकाराची शक्यता २५ टक्के असते. दक्षिण भारतातील काही समाजांत रूढ असलेल्या मामा-भाची विवाहांमुळे ही जोखीम वाढते.

अमेरिकेने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केलेल्या 'लक्सटर्ना' या जनुकोपचाराने आशा निर्माण केली खरी. परंतु तो केवळ आरपीई-६५ या जनुकातील दोषावर, तोही दृष्टिपटलात पुरेशा जिवंत पेशी उरल्या असतील तरच लागू पडतो. त्याची प्रारंभीची किंमत दोन्ही डोळ्यांसाठी साडेआठ लाख डॉलर! त्यामुळे भारतापुढील तातडीचा प्रश्न निदानाचा आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा दृष्टिपटल-विकार यांची तपासणी अंतर्भूत आहे. आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी मात्र दृष्टिपटलाची विद्युत-चाचणी व जनुक-तपासणी लागते, आणि त्यासाठी पालकांना सहसा मोठ्या शहरातील नेत्ररुग्णालयच गाठावे लागते.