एक मजला पुरे आहे

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांत गप्पा ज्येष्ठांकडे वळल्या की एक स्वप्न हमखास पुढे येते: आपला स्वतःचा मराठी वृद्धाश्रम. जागा, देणगीदार, तुळशीवृंदावन, सगळ्यावर बोलणे होते आणि विषय पुढच्या कार्यकारिणीवर सोपवला जातो. ज्यांच्या घरात आज स्मृतिभ्रंश आहे, त्यांना इतके थांबता येत नाही. गावातल्या चालू मेमरी केअर केंद्रातला, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासी केंद्रातला, एक मजला, निदान सात-आठ खोल्या, आपल्या माणसांना राहण्याजोग्या करून घेणे हे मंडळाच्या आवाक्यातले काम आहे. ते आधी व्हायला हवे.

स्मृतिभ्रंशात नवे आधी पुसले जाते, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत मोठेपणी शिकलेली भाषाही त्यात जाते. आयुष्यभर इंग्रजीत नोकरी केलेले आजोबा हळूहळू फक्त मराठी बोलू लागतात. केंद्रातल्या मदतनीस बाईला ते सांगतात, "जाऊन यायचंय." तिला कळत नाही. ते पुन्हा सांगतात, उठतात, दार ओढतात, आडवा आलेला हात झटकतात. नोंदवहीत शब्द पडतात: अस्वस्थ, आक्रमक. मग शांत करणारी गोळी. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारावरच्या या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा सर्वांत कडक इशारा अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्येच दिला आहे. आजोबांना फक्त बाथरूमला जायचे होते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेल्या वृद्ध संस्कृत पंडिताला एक माहुतीण सांभाळते. तिची भाषा कानडी, आजाराचे नावही तिला ठाऊक नाही, तरी ती त्याला लेकरासारखे खाऊ घालते. माया असली की भाषा लागत नाही, असे कोणी यावरून म्हणेल. पण तिच्यापुढे एकच म्हातारा होता. केंद्रातल्या बाईच्या वाट्याला एका पाळीत कितीतरी जण असतात. ओळखत बसायला तिला वेळ कुठला? 'पाणी', 'दुखतंय', 'थंडी वाजते' असे मोजके शब्द रोमन लिपीत लिहिलेला कागद पलंगाशी लावला, तरी तिचे आणि त्यांचे दोघांचेही हाल कमी होतील.

"आम्ही आई-बाबांना घरीच सांभाळू" हे उत्तर मनापासून दिलेले असते, त्याचा मान ठेवायलाच हवा. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेण्यातले ७० टक्के तास बायकांचे असतात. आपल्या घरांतही 'आम्ही' म्हणजे बहुधा सून, लेक किंवा स्वतःच सत्तरी ओलांडलेली पत्नी. रात्री तीनदा उठणारा, गॅस चालू ठेवणारा, हिमवर्षावात चपला घालून बाहेर पडणारा माणूस एकटीने सांभाळणे हे प्रेमाचे नव्हे, मनुष्यबळाचे काम आहे. केंद्रात ठेवणे म्हणजे टाकून देणे, हा शिक्का मंडळाने आपल्या बोलण्यातून आधी पुसावा.

पैशाबद्दलही भाबडेपणा नको. मेडिकेअर हा अमेरिकेतला वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा असिस्टेड लिव्हिंगच्या, म्हणजे मदतीसह राहण्याच्या केंद्रांतल्या, राहण्या-जेवण्याचा खर्च देत नाही. रुग्णालयानंतरचे नर्सिंग होममधले जास्तीत जास्त १०० दिवस ही वेगळी तरतूद आहे, आणि अनेक कुटुंबे तिथेच फसतात. २०२४ मध्ये असिस्टेड लिव्हिंगचा मध्यम दर महिन्याला सुमारे ५,९०० डॉलर होता. मेमरी केअर त्याहून महाग. उतारवयात ग्रीनकार्डवर आलेल्या पालकांना मेडिकेअर विकत घ्यायलाही सहसा पाच वर्षे थांबावे लागते. जुलै २०२४ मध्ये मेडिकेअरने 'गाइड' ही योजना सुरू केली. तिच्यात घरी राहणाऱ्या पात्र रुग्णाची काळजी घेणाऱ्याला विसावा मिळावा म्हणून वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची सोय आहे. मूळ मेडिकेअर असलेल्या मराठी घरांनी तिची चौकशी जरूर करावी.

इतर समाजांनी काय केले? टोरांटोच्या यी हाँग केंद्राची सुरुवात १९९४ मध्ये चिनी वृद्धांसाठी झाली. पुढे त्याच संस्थेच्या एका केंद्रात दक्षिण आशियाई वृद्धांसाठी वेगळा विभाग निघाला. नेदरलँड्समध्ये वेस्प इथे २००९ मध्ये वसलेल्या होगेवेक या स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या वस्तीत घरांची विभागणी राहणीमानाप्रमाणे केली होती. त्यांतली एक राहणी इंडोनेशियाशी नाते असलेल्यांची होती, स्वयंपाकासकट. आणि ज्यांना स्वतःची इमारतच हवी आहे, त्यांनी लॉस एंजेलिसच्या 'केइरो'कडे पाहावे. जपानी अमेरिकनांनी उभारलेल्या या नावाजलेल्या संस्थेची केंद्रे २०१६ मध्ये एका खासगी कंपनीला विकली गेली. समाजाने कडाडून विरोध केला. जपानी जेवण आणि भाषा टिकवण्याच्या अटी राज्याने घातल्या होत्या, पण पाच वर्षांच्याच. त्या संपताच एक केंद्र बंद करण्याचा घाट घातला गेला. एवढ्या जुन्या, संघटित समाजाला जे पेलले नाही, ते चार-पाचशे कुटुंबांच्या मंडळाने एकट्याने अंगावर घेणे शहाणपणाचे नाही. गुजराती, तेलुगू, तमिळ मंडळांना बरोबर घेतले तर एका मजल्यापुरते रहिवासी जमू शकतात, आणि रिकाम्या खोल्या भरून देणाऱ्या गटाचे व्यवस्थापक ऐकून घेतो.

त्याच्यासमोर मागण्या नेमक्या ठेवाव्यात. दिवसातून एकदा गरम वरण-भात किंवा खिचडी. दर पाळीत आपली एखादी भाषा येणारा एक तरी माणूस. गोळी सुरू करण्याआधी कुटुंबाला फोन. मंडळाच्या स्वयंसेवकांना ठरलेल्या वारी येण्याची मुभा. हे सगळे करारात लिहून घ्यावे. असिस्टेड लिव्हिंगचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे असतात, त्यामुळे राज्याच्या तपासणीचे अहवालही आधी मागून वाचावेत.

बृहन्महाराष्ट्र मंडळ या उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या अधिवेशनांत ज्येष्ठांसाठी 'उत्तररंग' हा कार्यक्रम होतो. पुढच्या वेळी तिथे अशा एका केंद्राचा व्यवस्थापक आणि एक वकील यांना बोलवावे. वकील अशासाठी, की मुखत्यारपत्रावर आणि उपचारांविषयीच्या इच्छापत्रावर सही करायला माणूस भानावर असावा लागतो, आणि निदान झाल्यावर ती मुदत किती उरली आहे हे डॉक्टरही सांगू शकत नाही.