सहन करणे हा संस्कार नव्हे

हुंडा हा शब्द आता आपल्या घरांत कोणी उच्चारीत नाही. बैठकीत 'मानपान' ठरतो, 'दोन्हीकडची हौस' ठरते आणि सोन्याचे तोळे 'मुलीचेच आहेत' असे म्हणून मोजले जातात. कुकडी आणि घोड नद्यांवरील धरणांनी जुन्नर-आंबेगावच्या शिवारात पाणी खेळविले. नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा कांदा-बटाटा दूरच्या बाजारांत पोहोचला. त्या पैशाबरोबर लग्नाचे मांडवही वाढले. या चढाओढीत ख्रिस्ती घरे मागे राहिली, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

खेद याचा की, याच जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक अनुयायांनी पुरोहितावाचून साधी लग्ने लावली आणि त्यापायी कोर्टकचेऱ्याही सोसल्या. शेतकऱ्यांनी दाखविलेले ते धैर्य आपणांस सुशिक्षित होऊनही साधलेले नाही.

कायदा नाही, ही सबब आता चालणार नाही. हुंडा देणे व घेणे 1961 पासून गुन्हा आहे. पती व सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेस 1983 साली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद झाली. 1986 साली 'हुंडाबळी' हा स्वतंत्र गुन्हा ठरला: लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूपूर्वी नजीकच्या काळात हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे सिद्ध झाले, तर सासरच्यांनीच मृत्यू घडविला असे न्यायालय गृहीत धरते. शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. 1 जुलै 2024 पासून हीच कलमे भारतीय न्याय संहितेत 85 आणि 80 या क्रमांकांनी आली आहेत. तरीही देशात वर्षाला सहा हजारांहून अधिक हुंडाबळींची नोंद होते.

असे का? कारण छळ सिद्ध करावा लागतो आणि छळाचे साक्षीदार आपणच असतो. 1982 साली पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला. प्रकरण हुंड्याचे नव्हते. पण तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली दुःखाची पत्रे तिच्या मागेच न्यायालयात वाचली गेली. खालच्या न्यायालयांनी दिलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली रद्द केली. आत्महत्येची शक्यता उरते आणि संशय हा पुरावा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाने पुरावा मागावा, हे योग्यच. मात्र मुलगी जिवंत असताना तिचे शब्द ऐकून कोणी तरी हालचाल करावी, हे काम न्यायालयाचे नव्हे.

कायद्याचा गैरवापर होतो, असे काही मंडळी सांगतात. होत असेलही. म्हणूनच 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटकेस लगाम घातला. परंतु ही सबब पुढे करून खऱ्या पीडितेला माघारी सासरी धाडणारे आम्ही अधिक पाहतो.

आपल्यात आणखी एक पळवाट आहे: "बाई, आपला क्रूस वाहा." ख्रिस्ताने क्रूस स्वतः उचलला, तो दुसऱ्याच्या खांद्यावर लादण्याचा अधिकार त्याने कोणासही दिला नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मकायद्यातील कलम 1153 स्पष्ट आहे: जोडीदार शरीरास वा आत्म्यास गंभीर धोका निर्माण करीत असेल, तर वेगळे राहण्यास ते न्याय्य कारण आहे. विवाहबंध अभेद्य आहे, म्हणून मुलीने मरणाच्या दारात राहावे, अशी शिकवण ख्रिस्तसभेची नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे. लग्नपूर्व तयारीत धर्मगुरूंनी वधूवरांना व पालकांना देण्याघेण्याविषयी स्पष्ट विचारावे. भारतीय वारसा कायदा, 1925 प्रमाणे मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. मांडवात सोने देऊन तो वाटा बुडवू नये. क्रूरतेची फिर्याद पीडिता किंवा तिचे नातेवाईक देऊ शकतात. शेजाऱ्यांनाही मार्ग आहे: 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकतो आणि सद्भावनेने कळविणाऱ्यावर कोणतेही कायदेशीर दायित्व येत नाही.

अंत्यविधीला सारा धर्मग्राम जमतो. त्यातील चौघे जरी आधी त्या घरी गेले असते, तरी कदाचित तो विधी करावा लागला नसता.