दोन हेक्टरांची रेघ

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका हा कोरडवाहू कापसाचा मुलूख. अशा शेतकऱ्यांचे अश्रू पुसण्यासाठी केंद्र सरकारने २००८ साली कर्जमाफी जाहीर केली. मात्र संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची रेघ ओढली. रेघेच्या आतील शेतकऱ्याचे पात्र थकीत कर्ज माफ. पलीकडच्याने आधी उरलेली रक्कम भरावी, मग २५ टक्के किंवा विदर्भासारख्या भागात २० हजार रुपये, यांपैकी जी अधिक ती सवलत घ्यावी! कालव्यावरचा दोन हेक्टर ऊस आणि पावसाच्या भरवशावरचा तीन हेक्टर कापूस एकाच मापाने मोजणे, याला अर्थशास्त्र म्हणायचे काय?

खेदाची गोष्ट ही की, हा भ्रम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नव्वद वर्षे आधीच खोडून काढला होता. शेती किफायतशीर ठरते ती जमिनीच्या आकारावरून नव्हे, तर जमीन, भांडवल आणि श्रम यांच्या योग्य प्रमाणावरून, हे त्यांनी १९१८ च्या निबंधात दाखवून दिले. त्याच वर्षी ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी मिळवली. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान शेतजमिनींविषयीचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्यास कडाडून विरोध केला. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. वर्गात शिकविलेले अर्थशास्त्र त्यांनी कायद्याच्या कलमात उतरविण्याचा ध्यास घेतला.

आज विधी विभाग आणि अर्थशास्त्र विभाग यांच्यात भिंत उभी आहे. एकाला कलमे पाठ, पण पेरणीचा खर्च ठाऊक नाही. दुसऱ्याला आलेख येतात, पण व्याख्येतील एका शब्दाने किती घरे बाहेर फेकली जातात, हे दिसत नाही. हे विशेषीकरणाचे युग आहे, असे त्यावर सांगितले जाते. परंतु शेतकऱ्याच्या दारी सातबारा, बँकेची नोटीस आणि कापसाचा भाव वेगवेगळे येत नाहीत!

२०१९ च्या किसान सन्मान निधीतही प्रथम हीच दोन हेक्टरांची अट होती; काही महिन्यांतच ती काढावी लागली. जयंतीला बाबासाहेबांच्या प्रतिमेस हार घालणाऱ्या विद्यापीठांनी त्यांचा १९१८ चा निबंध विधी आणि अर्थशास्त्र या दोन्ही वर्गांत शिकवावा. अन्यथा पुढची रेघही केळापूरच्या बांधावरूनच जाईल.