दिव्याचे प्यादे आणि भंडाऱ्याचा पट

वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवायचे आणि लगेच शेजारच्या उंटापुढचे प्यादे प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात ठेवायचे, ही 'क्वीन्स गॅम्बिट'ची जुनी आक्रमक चाल. जॉर्जियातील बाटुमी येथे जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखने पहिल्याच डावात ती खेळली. कोनेरू हंपीने प्यादे स्वीकारले. दिव्याचा वरचष्मा असूनही डाव बरोबरीत सुटला. पुढे २८ जुलैला जलद डावांत, तेही काळ्या मोहऱ्यांनी खेळताना, तिने विजेतेपद खेचून आणले.

या विजयाने १९ वर्षांच्या दिव्याला थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला. एरवी त्यासाठी २५०० मानांकन आणि तीन निकष पूर्ण करावे लागतात. स्पर्धेला निघताना तिच्या नावावर यातील एकही निकष नव्हता! हा मार्ग अपवादाचा आहे, हे नागपूरपासून साठेक किलोमीटरवरील भंडारा जिल्ह्यात विशेष ध्यानात घ्यावे लागेल.

शालेय क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळ आहे. जिल्हा जिंकणारा तुमसरचा वा लाखांदूरचा मुलगा नागपूर विभागाच्या स्पर्धेत उतरतो. तेथे त्याच्यासमोर कोण येणार? ज्या शहराने रौनक साधवानी (२०१९) आणि संकल्प गुप्ता (२०२१) हे ग्रँडमास्टर दिले, त्या शहरातील खेळाडू. गुणवत्तेत तो कमी असेल असे नव्हे; कमी पडतो तो सराव. आंतरराष्ट्रीय मानांकन मिळते ते 'फिडे'कडे नोंदविलेल्या स्पर्धांतूनच. निकषासाठी तर किताबधारक आणि परदेशी प्रतिस्पर्धी लागतात. ते तालुक्याच्या गावी कोठून यायचे? प्रवास, निवास, प्रवेश शुल्क, शिवाय पाल्यासोबत जाणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी. धानाच्या एका हंगामावर चालणाऱ्या घराला हा प्याद्याचा बळी परवडणे कठीण.

राज्य शासनाने दिव्याला ३ कोटी रुपयांचे पारितोषिक दिले, ते यथोचितच. परंतु पारितोषिक यशानंतर येते. खर्च त्याआधीची दहा वर्षे होत असतो. त्या रकमेच्या अल्पशा अंशातही भंडारा, साकोली, पवनी येथे दरवर्षी मानांकन स्पर्धा भरविता येतील. नागपूरचे खेळाडू महामार्गाने सकाळी येऊन सायंकाळी परत जाऊ शकतात. आजवर हा प्रवास बहुधा उलट्या दिशेनेच होत आला आहे.