वर्गाचं स्वतःचं पद्यनाटक

विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, तेव्हा पदं सूत्रधार गात असे. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पात्रं स्वतः साकी-दिंडी गाऊ लागली. पद्याशी इतकं जुनं नातं असलेल्या आपल्या रंगभूमीचे वारस असूनही शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण बहुधा तयार संहिताच मुलांच्या हाती देतो.

अख्ख्या वर्गाने मिळून स्वतःचं पद्यनाटक लिहावं आणि सादर करावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. सुरुवात ओवीपासून करावी: पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. हे बंधन मुलांना अडवत नाही, नेमका शब्द शोधायला लावतं. एका गटाने लिहावं, दुसऱ्याने मोठ्याने म्हणून पाहावं. जीभ अडखळेल तिथे ओळ बदलावी. लिहायला कचरणारं मूल ठेका धरतं, अबोल मूल समूहगानात आवाज मिसळतं. नाटकात प्रत्येकाला जागा मिळते.

शिक्षकांनी ओळी सुधारून देण्याचा मोह तेवढा आवरावा. यमक थोडं ओबडधोबड असलं तरी चालेल. ते मुलांचं असावं. यंदाच्या संमेलनात निदान एका वर्गाला ही संधी द्याच.