तिकिटाविना रान

मे महिन्याच्या सुटीत माझी भाची भायखळ्याहून गणपतीपुळ्याला आली. समुद्र पाहून झाला, म्हणून तिला जवळच्या गावच्या देवरहाटीत नेले. झाडीच्या तोंडाशी पोर थांबली आणि म्हणाली, "मामा, तिकीट कुठं काढायचं?"

तिची काय चूक? तिने पशुपक्षी पाहिले ते राणीच्या बागेत.

परदेशात आता अख्खे पावसाळी जंगल छपराखाली उभे करतात. अमेरिकेत ओमाहा येथे १९९२ साली असे जंगल झाले. त्यातले मोठाले वृक्ष सिमेंटचे. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाने २००३ साली मादागास्करमधील मासोआला जंगलाचा नमुना उभारला, सुमारे ११,००० चौरस मीटरचा. बाहेर बर्फ असले तरी आत दमट उकाडा, आणि पाऊस पडतो तो छतातून. माकडांच्या नात्यातले लेमूर आत मोकळे हिंडतात. ते दिसतीलच असे नाही, आपण शोधायचे. मला हे फार पटले. सतत कोणाच्या तरी नजरेखाली राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगायला नको. शिवाय ते संग्रहालय मादागास्करच्या खऱ्या जंगलालाही पैसे पुरवते.

आपल्याकडे त्याच वाटेवरचे म्हणजे राणीच्या बागेतले पेंग्विनचे काचघर. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणले. ऑक्टोबरात एक दगावला. मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहायला खुले झाले. चाळीतली पोरे काचेला नाक लावून उभी राहतात. त्यांना पेरू-चिलीचा किनारा कोण दाखवणार? तो आनंद मी कमी लेखत नाही. पण त्या गारव्यासाठी यंत्रे रात्रंदिवस चालू ठेवावी लागतात.

देवरहाटीत यंत्र नाही. धनेश वडा-उंबराची फळे खातो, बी दूर नेऊन टाकतो, त्यातून झाड उठते. अंड्यांवर बसलेली मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून चारा भरवतो. सिमेंटच्या झाडाला ढोली करता येईल, फळ कुठून आणणार?

हे मी वस्तीत सांगत होतो, तर एकजण म्हणाला, "आपण १९५६ साली देव सोडले. देवाचं रान तुटलं तर आपल्याला काय?" मी म्हटले, वर्षावास कशासाठी आहे? पावसात फिरणारे भिक्खू कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांची तक्रार होती, म्हणून भगवंतांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. सम्राट अशोकाने तर विनाकारण जंगल जाळू नये असे स्तंभावर कोरून ठेवले. त्यात देवाचा धाक कुठे आहे?

"ते खरं," तो म्हणाला, "पण गावच्या बैठकीत आपलं ऐकणार कोण?" पुढच्या बैठकीला आम्ही चौघे जाणार आहोत. बघू.

त्या दिवशी भाचीला घेऊन अर्धा तास उभा राहिलो. धनेश दिसला नाही. पंखांचा मोठा आवाज मात्र डोक्यावरून गेला.

"काचेत असता तर दिसला असता," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "मामा, उद्या परत येऊया?"