सुप्याची होळी आणि सहकाराचे श्रेय

सहकाराचा इतिहास 1904 च्या पतसंस्था कायद्यापासून मोजायचा आणि त्याआधीच्या शेतकऱ्याला दंगेखोर म्हणून निकालात काढायचे, ही रीत आपल्याकडे रुळली आहे. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी भर बाजारात जे घडले, त्याला सरकारी दप्तराने ‘दंगा’ म्हटले. आपणही तोच शब्द उचलला. पण दंगेखोर हाती लागेल ते नेतो. इथे लोक कागद मागत होते. अक्षरशत्रू कुणब्याची रोख्यावरची सही म्हणजे ‘निशाणी नांगर’. 1859 च्या कायद्याने रोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली ती ऋणकोच्या सोयीसाठी. सावकार मात्र दर तिसऱ्या वर्षी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहवून घेऊ लागला. अमेरिकेतल्या यादवीने चढलेला कापूस 1865 नंतर कोसळला, फेरआकारणीने सारा वाढला, उधारी आटली आणि नांगराची ती निशाणीच कुणब्याच्या जमिनीवर उठली. म्हणून होळी झाली ती रोख्यांची. सुप्यात दुकाने लुटली गेली, हे झाकायचे कारण नाही. पण रोखे मुकाट्याने हवाली झाले तिथे मारहाण सहसा झाली नाही, हे सरकारनेच नेमलेल्या आयोगाने नोंदवले आहे.

त्याहून महत्त्वाचे घडले ते आधी, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात. डिसेंबर 1874 मध्ये कालूराम सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी देशमुखांवर हुकूमनामा मिळवून त्यांच्या घराला हात घातला, तेव्हा गावाने त्याला वाळीत टाकले. त्याचे शेत कोणी कसेना, हजामत कोणी करीना, पाणी कोणी भरीना. अखेर त्याने शिरूर गाठले. हे काम जमावाचे नव्हे, ठरावाचे. पुढे 1919-20 मध्ये अवधात, प्रतापगडच्या बाजूला, जमीनदारांवर असाच ‘नाई-धोबी बंद’ पडला आणि त्या किसान चळवळीचे पुढारी बाबा रामचंद्र मराठीच होते. तरी हे हत्यार दख्खनेतून तिकडे गेले असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. गावगाडा आहे तिथे ते सुचतेच. रोख मारवाडी-गुजर सावकारांवरच का, ब्राह्मण सावकार बहुधा का सुटले, हा आक्षेप मात्र खरा आहे. उपऱ्याविषयीचा राग त्यात होता. पण नुसत्या रागाला दप्तर कशाला लागते?

उरतो शेवटचा आक्षेप: अडवणे म्हणजे उभारणे नव्हे. मान्य. 1879 च्या कायद्याने रोख्यामागचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला दिला आणि कर्जापायी होणारी शेतकऱ्याची कैद थांबवली. भांडवल त्यातून आले नाही. पण ती उणीव इथल्यांना कळलीच नव्हती, हे साफ खोटे. न्यायमूर्ती रानडे आणि वेडरबर्न यांनी 1882 च्या सुमारास शेतकी बँकेची योजना मांडली आणि प्रयोगासाठी पुरंदर तालुका धरला. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते. अडले ते लंडनला, भारतमंत्र्याच्या टेबलावर. ज्या सत्तेने ही बँक होऊ दिली नाही, तिलाच आपण सहकाराची जननी म्हणतो. रानडे 1901 साली वारले. पतसंस्थांचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला.